स्पिंडल सँडर शिकाऊंच्या हाती देण्याआधी: कार्यशाळाप्रमुखांना खुले पत्र

कार्यशाळाप्रमुख, निदेशक आणि यंत्रांची देखभाल ज्यांच्याकडे आहे अशा सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

टेबल सॉजवळ जाऊ देण्याआधी शिकाऊ मुलांना तुम्ही तासभर समजावता. गार्ड कशासाठी, पुश स्टिक कशी धरायची, कुठे उभे राहायचे, सगळे पक्के करून घेता. त्याच मुलांना स्पिंडल सँडरवर मात्र "जा, तेवढी कड घासून आण" एवढ्यावर पाठवले जाते. या यंत्राला पाते नाही, दात नाहीत, आवाजही दटावणारा नाही. टेबलातून वर आलेला एक फिरता ड्रम आणि त्यावर पॉलिश पेपरची नळी, म्हणजे स्लीव्ह. एवढ्याने काय होणार, असे वाटते. हे वाटणे चुकीचे आहे, आणि त्यामुळे ज्या गोष्टी सुटतात त्या नेमक्या कोणत्या, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी वेगाचा हिशेब पाहा. बाकावर बसणारे साधारण यंत्र मिनिटाला २००० च्या आसपास फेरे घेते आणि त्याच मिनिटात सुमारे ६० वेळा वर-खाली होते. सोबत मिळणारे ड्रम १३ मिमीपासून ७६ मिमी व्यासापर्यंत असतात. ड्रम कोणताही चढवला तरी फेरे तेवढेच राहतात, पण ७६ मिमीच्या ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ ८ मीटर पळतो आणि १३ मिमीचा जेमतेम १.४ मीटर. फरक सहापटीचा आहे. मोठ्या ड्रमवर ८० नंबरचा पेपर असेल तर बोट टेकल्याक्षणी कातडी जाते. बारीक ड्रमवर उलटे होते: लाकूड सरकत नाही म्हणून माणूस जोर लावतो, बारीक स्पिंडल, म्हणजे ड्रमचा दांडा, त्या जोराने वाकतो, पेपर तापतो, काम, म्हणजे घासायचा तुकडा, करपते आणि एखाद्या क्षणी तुकडा निसटून सगळा भार हातासकट ड्रमवर येतो. एक धोका वेगाचा, दुसरा जोराचा. शिकवताना दोन्ही वेगवेगळे सांगावे लागतात.

जखमही वेगळी असते. पात्याने कापलेल्या जखमेला दोन कडा असतात, त्या जोडून टाके घालता येतात. सँडरवर कातडी कापली जात नाही, घासून नाहीशी होते. टाके घालायला कडाच उरत नाहीत आणि जखमेत भुसा व पेपरचे कण घुसलेले असतात. म्हणून "थोडेसे खरचटले" म्हणत पट्टी बांधून मुलाला पुन्हा यंत्रावर उभे करू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा आणि जखम खोल असेल, सांध्यावर किंवा नखाजवळ असेल तर थेट डॉक्टरकडे न्या.

आमची पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती टेबलातल्या चकत्यांबद्दल आहे. टेबलाचे मूळ भोक सर्वांत मोठ्या ड्रमला सामावेल एवढे असते. बारीक ड्रम लावला की उरलेली जागा झाकायला त्या मापाची चकती बसवायची असते. प्रत्यक्षात वर्षभरात काय होते, तर डब्यातल्या चकत्या इकडेतिकडे होतात, एखादी फुटते आणि यंत्र मोठ्या भोकावरच चालू राहते. ८० मिमीच्या भोकात १९ मिमीचा ड्रम फिरत असेल तर चहूबाजूंनी ३० मिमीची उघडी दरी राहते. कामाचा कोपरा त्या दरीत झुकला की ड्रम त्याला पकडून खाली ओढतो, आणि वरून दाबून धरलेली बोटेही त्याच्या मागोमाग जातात. पातळ तुकडा असेल तर तो सरळ आत जाऊन अडकतो किंवा फुटून बाहेर उडतो. आमच्या मते या यंत्रावरचा सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात हाच आहे.

चकती आणि पेपर यांच्यामध्ये चहूबाजूंनी २ ते ३ मिमीच मोकळी जागा असावी. चकती हरवली असेल तर नवी मागवेपर्यंत काम थांबवायचीही गरज नाही, ती कार्यशाळेतच करता येते. मूळ चकतीच्या जाडीचा प्लायवुड घ्या, बाहेरचा व्यास खाचेत घट्ट बसेल असा काढा, मधोमध स्लीव्हसह ड्रमच्या व्यासापेक्षा ४ ते ६ मिमी मोठे भोक पाडा. ३८ मिमीच्या ड्रमला ४२ ते ४४ मिमीचे भोक. बसवल्यावर चकतीवरून बोट फिरवून पाहा: ती टेबलाच्या पातळीच्या केसभर वर असेल तर काम तिच्यावर अडखळते, खाली असेल तर काम तिच्यात झुकते. टेबल तिरके करून घासायचे असेल तेव्हा गोल भोक चालत नाही, लांबट भोकाची चकती लागते, नाहीतर ड्रम चकतीलाच घासतो.

दुसरा उपाय आम्हाला त्याहून आवडतो. १८ मिमी प्लायवुडची एक फळी भोक पाडून टेबलावरच क्लॅम्पने आवळावी. दरी झाकली जाते आणि पेपरचीही बचत होते. स्लीव्हची उंची असते ११५ मिमीच्या आसपास. १८ मिमी जाडीची फळी घासताना, वर-खाली सरकणे १६ मिमी धरले तर जेमतेम ३४ मिमीचा पट्टा वापरात येतो. तेवढाच गुळगुळीत होतो आणि वरचा कोरा पेपर स्लीव्हसोबत कचऱ्यात जातो. फळीमुळे काम वर उचलले जाते आणि कोरा पट्टा कामी येतो. एवढे लक्षात ठेवावे की ड्रम सर्वांत वर गेला तरी पेपरची खालची कड टेबलाच्या किंवा फळीच्या पृष्ठभागाखालीच राहायला हवी. ती वर आली तर कामाच्या तळाशी न घासलेली पायरी उरते.

चकती किंवा फळी बसवल्यावर प्लग काढलेल्या स्थितीत ड्रम हाताने फिरवून पाहायचा असतो. इथे बहुतेक जण दोन-तीन फेरे देतात आणि समाधान मानतात. ते पुरेसे नाही. २००० फेऱ्यांना ६० वेळा वर-खाली, म्हणजे एकदा पूर्ण वर जाऊन खाली यायला सुमारे ३३ फेरे लागतात. दोन फेऱ्यांत ड्रम जागेवरून हललेलाही नसतो. सगळ्यात वर असताना तळाचा वायसर चकतीला अडकतो का, सगळ्यात खाली असताना वरचा नट कामाला लागेल का, हे तीसेक फेरे दिल्याशिवाय दिसत नाही.

आता दिशा. काम नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचे. वरून पाहताना ड्रम घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल, तर त्याची तुमच्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे पळते. म्हणून काम उजवीकडून डावीकडे सरकवायचे. ड्रम घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर हेच उलट. ड्रमच्या दिशेनेच सरकवले तर ड्रम काम हातातून हिसकावून घेतो, आणि ज्या हाताने आपण ओढत असतो तो हात ड्रमच्या पुढ्यात येतो. सगळी यंत्रे एकाच दिशेने फिरत नाहीत, म्हणून "उजवीकडून डावीकडे" असा सरसकट नियम भिंतीवर लिहू नका. प्रत्येक यंत्राच्या टेबलावरच, ड्रमच्या समोर, तेलरंगाने दोन बाण काढा: एका रंगात ड्रमचा, दुसऱ्या रंगात कामाचा. काम निसटले तर ते ड्रमच्या बाणाच्या दिशेने उडते, त्या बाजूला दुसऱ्या मुलाचे बाक नसावे. यंत्र कुठे ठेवायचे हे ठरवताना ही बाजू आधी पाहा, प्लग पॉइंट कुठे आहे ते नंतर.

हे यंत्र आतल्या वळणांसाठी आहे. सरळ कड सरळ करायला ते वापरले की लाटा उमटतात, मग त्या काढायला आणखी घासले जाते आणि माप जाते. सरळ कडेला रंधा आहे, बेल्ट सँडर आहे. वळणासाठीही ड्रम निवडताना त्या वळणात बसेल असा सर्वांत मोठा ड्रम घ्यायचा. ६० मिमी व्यासाच्या वळणाला ५१ चा. १९ चा ड्रम लावला तर प्रत्येक थांब्यावर एकेक खळगा पडतो. आणि बँडसॉवर कापताना रेघेबाहेर दीड ते दोन मिमीच लाकूड ठेवा. चार-पाच मिमी ठेवून "सँडरवर काढू" म्हणणारा मुलगा दहा मिनिटे जोर लावून उभा राहतो, पेपर चोंदतो, कड काळी पडते आणि हात थकतो. थकलेला हात कधी निसटेल याचा भरवसा नाही.

काम ड्रमला लावायचे ते यंत्र पूर्ण वेगात आल्यावर, हलकेच, आणि सरकवत सरकवतच लावायचे. थांबलेले काम टेकवून मग सरकवायला गेले की पहिल्याच जागी खळगा पडतो. काढतानाही सरकवतच बाजूला घ्यायचे. करपल्याचा वास आला तर तीनच कारणे असतात: पेपर चोंदला आहे, जोर जास्त आहे किंवा काम थांबले आहे. चोंदलेला पेपर साफ करायला रबराची साफसफाईची कांडी मिळते, तीसुद्धा लांब असावी. बोटभर उरलेली कांडी टाकून द्या.

लहान तुकड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बोटे इथेच जातात. खेळण्यातला घोडा आहे असे समजा, ७० मिमी लांब, पोटाखाली वळण. तो दोन्ही हातांनी धरला तर बोटांची टोके ड्रमपासून दोन सेंटीमीटरवर येतात. ड्रम आणि हात यांच्यात निदान ७ ते ८ सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे, आणि या मापाच्या तुकड्यावर ते राहूच शकत नाही. म्हणून तुकडा थेट हातात घ्यायचाच नाही. साधारण ३०० मिमी लांब, १५० मिमी रुंद प्लायच्या पट्टीवर तो दुहेरी चिकटपट्टीने बसवायचा, घासायची बाजू पट्टीच्या कडेबाहेर थोडी ठेवायची आणि हात पट्टीच्या दूरच्या टोकांवर. नाहीतर लाकडी हँडस्क्रू क्लॅम्पमध्ये पकडून क्लॅम्पच टेबलावरून सरकवायचा. याहून चांगला क्रम म्हणजे घोड्याचे पोट आधी घासायचे आणि नंतर त्याला मोठ्या फळीतून कापून वेगळे करायचे. एकसारखे चार-पाच तुकडे हवे असतील तर ते चिकटपट्टीने एकावर एक जोडून एकदमच घासावेत. गठ्ठा जड असतो, हाताला पकड मिळते आणि सगळ्यांचे माप एक येते.

आतले भोक, म्हणजे चौकटीच्या मधला कापलेला भाग, घासताना चालू यंत्रावर काम वरून घालायचे नाही. यंत्र बंद, ड्रम पूर्ण थांबलेला, मग काम घाला. भोकाची कड ड्रमला कुठेही टेकत नाही हे पाहा, दोन्ही हातांनी काम टेबलावर दाबा आणि मगच चालू करा. स्विच हातानेच लावायचा असेल आणि एक हात सोडावा लागत असेल तर काम आधी क्लॅम्पने धरा किंवा यंत्राला पायाचा स्विच बसवून घ्या. भोक ड्रमपेक्षा चांगलेच मोठे हवे. ५५ मिमीच्या भोकात ५१ चा ड्रम घातला तर काम जरा हलले की ड्रम समोरच्या कडेलाही लागतो. एक बाजू काम डावीकडे ढकलते, दुसरी उजवीकडे, आणि अख्खी चौकट हातातून सुटून गरगरते. काम काढतानाही आधी यंत्र बंद करायचे. बहुतेक स्पिंडल सँडरना ब्रेक नसतो, स्विच बंद झाल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो. त्या सेकंदांत हात आत घालणारे पुष्कळ असतात.

स्लीव्ह बदलणे हे काम मुलांकडूनच करून घ्यावे, पण नजरेखाली. प्लग काढा, स्विच नव्हे, प्लग. वरचा नट सैल करा. काही यंत्रांत त्याला उलटे आटे असतात, म्हणून पाना जोरात ओढण्याआधी माहितीपुस्तिका पाहा. नट सैल झाला की ड्रमचे रबर आखडते आणि जुनी स्लीव्ह सहज निघते. रबराला चीर पडली आहे का, एका बाजूने झिजले आहे का, पाहा. नवी स्लीव्ह रबराच्या दोन्ही कडांशी बरोबर बसेल अशी चढवा आणि नट आवळा. नट आवळल्यावर रबर दबून फुगते आणि त्यानेच स्लीव्ह धरली जाते. सैल राहिले तर स्लीव्ह जागेवर घसरते, हळूहळू वर चढते आणि फाटून उडते. जास्त आवळले तर रबर मधोमध पोट काढते आणि घासलेली कड सरळ न येता खोलगट येते. योग्य आवळणे ओळखायची सोपी खूण आहे: स्लीव्ह मुठीत धरून पिळायचा प्रयत्न करा, ती रबरावर हलायला नको, आणि बाजूने गुण्याची (काटकोनी पट्टीची) सरळ कड लावली तर मधे फुगवटा दिसायला नको. फाटकी, जोड सुटलेली किंवा ओलीने फुगलेली स्लीव्ह चिकटपट्टी लावून चालवू नका.

हातमोजे घालू देऊ नका. फिरत्या यंत्रावर हातमोजा बोट वाचवत नाही, तो स्वतः पकडला जातो आणि हात ओढून नेतो. हाच नियम सुटी बाही, ओढणी, अंगठी, बोटाला बांधलेली सैल पट्टी आणि लोंबत्या इअरफोनच्या वायरीला. केस बांधलेले, डोळ्यांवर बाजू झाकणारा चष्मा. भुसा ओढणारे यंत्र सोबत चालू असले की एकत्रित आवाज सहज ८५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, तेव्हा कानही झाका.

एक पर्याय बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि तो बंद व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते: स्पिंडल सँडर नाही म्हणून ड्रिल प्रेसच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, सँडिंग ड्रम लावणे. ड्रिल प्रेसची रचना वरून खाली येणाऱ्या दाबासाठी असते, बाजूच्या दाबासाठी नाही. पुष्कळ ड्रिल प्रेसमध्ये चक निमुळत्या टेपरच्या नुसत्या घर्षणावर धरलेला असतो. बाजूचा दाब आणि थरथर यांनी तो सैल होऊन फिरता फिरताच खाली सुटू शकतो. बेअरिंग खराब होतात ते वेगळेच. शिवाय ड्रम वर-खाली होत नाही, त्यामुळे पेपर एकाच पट्ट्यात तापतो, आणि भुसा ओढायला जागाच नसते.

भुशाकडे आता येतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवले आहे, आणि संबंध आहे तो नाक व नाकाजवळच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी. सागवान, शिसम अशा लाकडांच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, काहींना दमा जडतो. एमडीएफच्या धुळीत चिकटवणाऱ्या रेझिनचेही कण असतात. स्पिंडल सँडरची धूळ बारीक असते, जमिनीवर पडते ती दिसते, पण फुप्फुसात खोल जाते ती दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगते. म्हणून यंत्राला नुसती कापडी पिशवी लावून भागत नाही. टेबलाखालच्या तोंडाला भुसा ओढणाऱ्या यंत्राची नळी हवी, वाटेत नळी विनाकारण अरुंद करू नये, आणि फिल्टर १ मायक्रॉनपर्यंत अडवणारा असावा. ३० मायक्रॉनच्या पिशवीतून घातक बारीक धूळ आरपार जाऊन पुन्हा तुमच्याच खोलीत येते. भुसा ओढणारे यंत्र असले तरी एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क हवा. सर्जिकल मास्क किंवा रुमाल कडेने धूळ आत घेतो. दिवसअखेर हवेच्या झोताने यंत्र झाडू नका, व्हॅक्यूमने ओढा.

लाकूड घासणाऱ्या यंत्रावर लोखंड घासू देऊ नका, एकदाही नाही. एक ठिणगी नळीतून भुशाच्या पिशवीत गेली की ती लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते आणि कार्यशाळा बंद करून सगळे घरी गेल्यावर पेट घेते. जुन्या लाकडातला राहिलेला खिळाही हेच करतो, तेव्हा जुने लाकूड आधी चुंबकाने किंवा मेटल डिटेक्टरने तपासा. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करा आणि भुसा झाकणाच्या धातूच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवा. टेबलाखालचा मोटारीचा कप्पाही आठवड्यातून एकदा उघडा. वर-खाली करणाऱ्या गिअरमध्ये भुसा गच्च बसला की ड्रम फिरतो पण सरकत नाही, आणि कामावर आडव्या रेघा दिसू लागतात. ती रेघ म्हणजे यंत्र बंद करायची वेळ.

नवे यंत्र घेताना स्विचकडे पाहा. वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, अशा स्विचला नो-व्होल्ट स्विच म्हणतात. जुन्या यंत्राला तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतो. नाही बसवला तर वीज गेल्यावर मुलगा नेमके काय करतो? ड्रम का थांबला ते हाताने फिरवून पाहतो. बंद करायचा भाग मोठा, लाल आणि गुडघ्याने किंवा तळहाताने दाबता येईल असा असावा, कारण अडचणीत दोन्ही हात कामावर असतात. आणि यंत्र बाकाला बोल्टने आवळलेले असावे. सुटे यंत्र मोठी फळी दाबली की झुकते.

आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. चकत्या यंत्रालाच अडकवलेल्या पेटीत मापानुसार ठेवा आणि त्यांची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लिहा. टेबलावर बाण काढा. लहान तुकड्यांसाठी दोन-तीन पट्ट्या आणि एक हँडस्क्रू क्लॅम्प यंत्राशेजारीच टांगा, मागावे लागले तर कोणी मागत नाही. आणि प्रत्येक शिकाऊकडून अर्ध्या तासाची एकच परीक्षा घ्या: प्लग काढून त्याने स्वतः ड्रम निवडावा, स्लीव्ह चढवावी, योग्य चकती बसवावी, हाताने तीस-पस्तीस फेरे देऊन मोकळी जागा दाखवावी, ड्रम कोणत्या बाजूला फिरतो आणि काम कुठून कुठे जाईल ते बोट टेबलावर फिरवून सांगावे. मग टाकाऊ फळीवर रेघ मारून, रेघेबाहेर दीड मिमी ठेवून कापावे आणि ती रेघ न पुसता वळण घासून दाखवावे. प्लग लावायचा तो या शेवटच्या पायरीआधी, आणि ती पूर्ण होईपर्यंत तुम्ही शेजारी उभे असावे.

आपले,
लाकूडकाम करणारे आणि शिकवणारे